वाचकांचे प्रश्न : बारा दिवस, एकट्याने, डोंगरात

प्रश्न : मी भांडुपला राहतो, वय ४१ वर्षे, बँकेत नोकरी करतो. गेली चौदा वर्षे मुंबईतील एका गिर्यारोहण गटाबरोबर सह्याद्रीत भटकत आलो आहे. येत्या डिसेंबरात रजा घेऊन कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघावे आणि रतनगड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, आहुपे असे करत बारा दिवसांत भीमाशंकरला पोहोचावे, तेही एकट्यानेच, असा बेत आहे. पत्नीचा विरोध नाही, पण काळजी आहे. सामानाची यादी सोबत जोडली आहे. सगळे मिळून वजन १९ किलो भरते. यादीत काय राहिले आहे ते कृपया सांगावे.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आपली यादी मी दोनदा वाचली. वस्तू म्हणून तिच्यात काहीही राहिलेले नाही. उलट पाच-सहा किलो काढून टाकता येतील, त्याविषयी पुढे लिहितो. जे राहिले आहे ते वस्तूंच्या यादीत मावणारे नाही. गटाबरोबर चालताना सोबती आपल्या नकळत किती कामे करत असतात, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नसतो. आपला पाय घसरला तर तो कोणीतरी पाहिलेला असतो, आपण भलत्याच ढोरवाटेला लागलो तर मागचा हाक मारतो, उन्हाने डोके भणभणून आपण असंबद्ध बोलू लागलो तर ते आपल्याआधी दुसऱ्याला कळते, आणि उशीर झाल्यावर "आज इथेच थांबू" हे म्हणणारा एखादा जाणता प्रत्येक गटात असतो. एकट्याने जाण्याची तयारी म्हणजे ही सगळी कामे निघण्यापूर्वीच कोणाकडे तरी सोपवून ठेवणे : काही कागदाकडे, काही घड्याळाकडे आणि बरीचशी वाटेवरच्या गावांतील माणसांकडे.

कागदापासून सुरुवात करू या. त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एक पत्नीकडे आणि दुसरी आपल्या गटातील अशा मित्राकडे द्यावी, ज्याला हा डोंगर पायाखालचा आहे. प्रत्येक दिवसाचे निघण्याचे गाव, मुक्कामाचे गाव, मधली वाट आणि ती सोडावी लागली तर खाली उतरण्याची जवळची वाट, एवढे त्यावर असावे. आपला मार्ग अहिल्यानगर, ठाणे आणि पुणे या तीन जिल्ह्यांच्या सीमेवरून जातो, म्हणून कोणत्या दिवशी आपण कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत असाल तेही लिहावे. राजूर, ओतूर, जुन्नर आणि घोडेगाव या नावांचा शोध घेण्यात घरच्यांचे मोलाचे तास जाऊ नयेत. रक्तगट, चालू असलेली औषधे, तंबूचा आणि सदऱ्याचा रंग, बुटांच्या तळव्याचा कागदावर काढलेला ठसा, हे सारे त्याच कागदावर यावे. ठशाची गोष्ट अनेकांना अतिरेकी वाटते, परंतु धुळीच्या वाटेवर शोध घेणाऱ्याला तोच पहिला धागा मिळतो.

हा कागद खोटा ठरू देऊ नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी असाच एकटा तीन दिवसांसाठी गेलो होतो आणि घरी व्यवस्थित लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गुराख्याने शेजारच्या सोंडेवरून उतरणारी सोपी वाट सांगितली, ती मला आवडली आणि मी तिने निघालो. दोन तासांनी घोटा मुरगळला, पाऊल टेकवेना, आणि रात्र एका ओढ्याच्या काठी बसून काढावी लागली. दुसऱ्या दिवशी लाकडे वेचायला आलेल्या दोन मावशींनी मला पाहिले म्हणून मी गावात पोहोचलो. त्यांनी पाहिले नसते तर माझे मित्र मला शोधायला आले असते, पण कागदावरच्या वाटेने, म्हणजे मी जिथे नव्हतो तिथे. वाट बदलण्यास माझी हरकत नाही, डोंगरात ती बदलावीच लागते. मात्र बदललेली वाट त्या दिवशी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या घरी सांगूनच पुढे जावे, आणि जेथे रेंज मिळेल तेथून ती मुंबईलाही कळवावी.

रेंजविषयी आपण लिहिले आहे की परदेशातील नातेवाइकाकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र मागवणार आहात. तसे कृपया करू नका. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तशी संदेशयंत्रे बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर अशी यंत्रे सापडल्यामुळे प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. साधा मोबाइलच न्यावा, तो दिवसभर फ्लाइट मोडवर ठेवावा आणि दरीत न लावता खिंडीत किंवा माथ्यावर आल्यावरच लावावा. फोनमधील जीपीएस रेंज नसतानाही चालते, म्हणून त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. परंतु फोन दगडावर आपटला तर उरतो तो कागदी नकाशाच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्यावेत, त्यांवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. होकायंत्राच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आहे : मुंबई आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे वजाबाकीची कटकट उरत नाही. याखेरीज गळ्यात शिट्टी हवी, सॅकमध्ये नव्हे. मिनिटभरात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा, हा संकटाचा सर्वत्र मानला जाणारा संकेत आहे. कपारीत पडलेल्या माणसाचा आवाज अर्ध्या तासात बसतो, शिट्टी बसत नाही.

घड्याळाकडे सोपवायचे काम म्हणजे मागे फिरण्याची वेळ. स्कॉटलंडच्या नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली चालीचा एक ठोकताळा सांगितला : सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईमागे आणखी एक तास. हा ठोकताळा हलक्या पाठीच्या, ताज्या दमाच्या माणसासाठी आहे. कारवीच्या रानातून पाठीवर ओझे घेऊन आणि वाट शोधत जाणाऱ्याने त्याची दीडपट धरावी, सातव्या-आठव्या दिवसानंतर त्याहून थोडी अधिक. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून दुपारी चारला गावात किंवा गावाच्या दृष्टिपथात असावे, आणि एक वाजेपर्यंत निम्म्याहून अधिक वाट मागे पडली नसेल तर परत फिरावे. ही वेळ घरी बसून, शांत मनाने, कागदावर लिहावी. समोर खिंड दिसत असताना आणि "अजून अर्धाच तास" असे मन सांगत असताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो.

आता ओझे. आपले वजन ६८ किलो आहे, तेव्हा पाठीवर साडेतेरा किलोंच्या वर, म्हणजे शरीराच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, आणि त्यात तीन लिटर पाण्याचे तीन किलो आलेच. बारा दिवसांचे अन्न एकदम उचलण्याची गरज नाही. नोव्हेंबरातील दोन रविवार काढून पाचनई आणि नाणेघाटाजवळचे घाटघर येथे जावे, ओळखीच्या किंवा ओळख काढलेल्या घरी चार-चार दिवसांचा शिधा डब्यात घालून ठेवावा आणि आपण कोणत्या तारखेला येणार ते सांगून यावे. यामुळे पाठ हलकी होते हा लहान लाभ. मोठा लाभ असा की त्या तारखेला आपली वाट पाहणारे कोणीतरी त्या गावात असते, आणि आपण आला नाहीत हे त्यांना मुंबईच्या आधी कळते.

स्टोव्ह मी यादीतून काढला आहे. भांडुपहून कसाऱ्याला आपण लोकलनेच जाणार, आणि रेल्वेत गॅसचा डबा नेण्यास मनाई आहे. डिसेंबरात डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि अभयारण्यात विस्तव पेटवून जंगल धोक्यात आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० प्रमाणे गुन्हा आहे. रात्रीचे गरम जेवण गावात, योग्य पैसे देऊन घ्यावे. नाचणीची भाकरी आणि हुलग्याची आमटी आपल्या यादीतील नूडल्सच्या आठ पुड्यांपेक्षा कितीतरी सरस आहे. दिवसभरासाठी विस्तवाशिवाय खाता येईल असे न्यावे : सातूचे पीठ, भाजके पोहे, खजूर, गूळ आणि शेंगदाणे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५६० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे त्याच वजनाच्या तांदळाच्या दीडपटीहून अधिक, आणि ते शिजवावेही लागत नाहीत.

पाण्याचा प्रश्न डिसेंबरात जितका सोपा वाटतो तितका नसतो. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात धबाधबा कोसळणारा ओढा दिवाळीनंतर डबक्यांपुरता उरतो, आणि गडांवरच्या कोरीव टाक्यांपैकी एखादेच पिण्याजोगे असते, ते कोणते हे खालच्या गावातच कळते. प्रत्येक मुक्कामी पुढच्या पाण्याची विचारपूस करावी आणि "नक्की आहे" असे ऐकले तरी तीन लिटर भरूनच निघावे. उघडे पाणी गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबूनच प्यावे. मीठ-साखरेच्या ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकण्याची आपल्याकडची सवय चुकीची आहे.

परवानगीकडे आपले पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. वाटेत कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही दोन अभयारण्ये लागतात. अभयारण्यात प्रवेशासाठी वरील कायद्याच्या कलम २८ खाली परवाना लागतो. तेथे राहणाऱ्यांना आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यांना सूट आहे, तंबू ठोकणाऱ्याला नाही. दोन्हीकडच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात महिनाभर आधी लेखी अर्ज करावा आणि मुक्कामाची ठिकाणे स्पष्ट लिहावीत. मुक्काम गावातच करणार असाल तर बहुतेक अडचणी मिटतात आणि तंबूचे दोन किलोही वाचतात. उघड्यावर, विशेषतः जुन्नरकडच्या बाजूला, झोपू नये. तो बिबट्यांचा मुलूख आहे. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या घराच्या पडवीत जागा मिळते, आणि पहाटे बाहेर जाताना टॉर्च व काठी दोन्ही हातांत असावीत.

सापांविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण एकट्या माणसासाठी नियम थोडा वेगळा आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप, आणि चौघांच्या विषावर एकच बहुगुणी प्रतिविष चालते. परळच्या ज्या हाफकिन संस्थेवरून मुंबईकर रोज बसने जातात, तिचे नाव या प्रतिविषाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. हे औषध शिरेतून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते, म्हणून ते सॅकमध्ये नेण्याचा विचारही करू नये. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, तोंडाने विष ओढणे हे सर्व अपाय करणारे आहे. अंगठी-घड्याळ काढून तो अवयव काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा, फोन आणि शिट्टीने हाका द्याव्यात. सोबती असता तर आपण हललाच नसता. एकट्याने मात्र मदत येण्याची काहीच आशा नसेल तर जवळच्या घराकडे अत्यंत सावकाश, बसत-उठत जावे. धावणे हेच सर्वांत घातक. प्रत्येक टप्प्यासाठी प्रतिविष कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे याची चौकशी आपल्या त्या दोन रविवारी करून यावी आणि उत्तर कागदावर लिहावे. आग्या मोहोळाविषयी एवढेच : अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा, आणि पूर्वी मधमाशी चावून अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दम लागला असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हा बेत पुढे नेऊ नये.

काही जागा एकट्यासाठी नाहीत. अलंग-मदनचे कडे आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट यांपैकी काहीही या बेतात नको, चौदा वर्षांचा अनुभव असला तरी. गड पाचनईकडून चढावा, खिरेश्वरला उतरावे.

शेवटी सराव. चौदा वर्षे आपण चाललात, पण एकटे एकही रात्र राहिला नाहीत असे पत्रावरून दिसते. आजपासून इमारतीचे जिने तांदळाचे दहा किलो पाठीवर घेऊन चढावेत, एका रविवारी पूर्ण ओझ्यासह नेरळहून माथेरानला चालत जावे, आणि नोव्हेंबरात दोन रात्री एखाद्या डोंगरगावात एकट्याने काढाव्यात. पायांपेक्षा मन कसे वागते ते पाहण्यासाठी हा सराव आहे. संध्याकाळी सातला अंधार पडून झालेला असतो, बोलायला कोणी नसते आणि पहाट बारा तास दूर असते. पुष्कळ चांगले गिर्यारोहक या बारा तासांना कंटाळून तिसऱ्या दिवशी परत येतात, आणि त्यात काहीही गैर नाही. ते नोव्हेंबरात कळलेले बरे.

प्रश्न : माझे वय २२ वर्षे. महिनाभर जंगलात, अन्न न नेता, कंदमुळे आणि फळे खाऊन एकट्याने राहावे अशी माझी तीव्र इच्छा आहे. कोयनेचे जंगल योग्य ठरेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तेथे असे राहणे, काही तोडणे किंवा पकडणे कायद्याने शक्य नाही. कायदा बाजूला ठेवला तरी शरीर ऐकणार नाही. दिवसभर हिंडणाऱ्या तरुणाला अडीच ते तीन हजार किलोकॅलरी लागतात, आणि रानात तेवढे अन्न सर्व ऋतूंत, एकाच जागी, अनोळखी माणसाच्या हाती लागत नाही. आपण जूनमध्ये दादरच्या बाजारात शेवळांच्या जुड्या पाहिल्या असतील. त्या नुसत्या शिजवल्या तर घसा खाजून सुजतो. त्यांत काकडांचा रस घालावा लागतो, हे आपल्या आजीला ठाऊक असते, कारण तिला तिच्या आजीने सांगितलेले असते. कडू कंद तर चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच खाण्याजोगे होतात. हे ज्ञान ज्यांच्याकडे आहे ते ठाकर आणि महादेव कोळी बांधव स्वतःही घरात तांदूळ-नाचणी ठेवूनच रानात जातात. आपली ओढ मला खरी वाटते, म्हणून दुसरा मार्ग सुचवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या आदिवासी पाड्यावर दहा दिवस राहण्याची सोय करून घ्या, राहण्या-जेवणाचे पैसे द्या, शेतात लावणीला हात लावा आणि घरातील बायकांबरोबर टाकळा, कुरडू, भारंगी ओळखायला शिका. तीन पावसाळे असे गेल्यावर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : माझी २७ वर्षांची मुलगी आठ दिवसांसाठी एकटी डोंगरात जाणार आहे. ती अनुभवी आहे, तिला अडवायचे नाही. पण मी घरी बसून काय करावे? दिवसातून किती वेळा फोनची अपेक्षा ठेवावी, आणि नेमके कधी घाबरावे?
— एक आई, दादर

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नातच तयारीचा अर्धा भाग आहे आणि तो बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. रोज फोनचे वचन तिच्याकडून घेऊ नका. रेंज नसल्यामुळे एक फोन चुकतो आणि घर हवालदिल होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे वचन पाळण्यासाठी ती तिन्हीसांजेला रेंज शोधत कड्यावर चढते. त्याऐवजी दोघींनी बसून दोन वेळा ठरवाव्यात. पहिली, जिच्यापर्यंत निरोप यावा अशी अपेक्षा आहे, उदाहरणार्थ एक दिवसाआड रात्री नऊ. दुसरी, जिच्यानंतर थांबायचे नाही, उदाहरणार्थ त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. या दोहोंच्या मधला काळ उशिराचा आहे, संकटाचा नाही. त्या काळात आपण फक्त तिच्या मुक्कामाच्या गावी ठेवलेल्या दोन क्रमांकांवर फोन करावा.

दुसरी वेळ टळली की मात्र एक मिनिटही संकोच करू नये. "उगाच लोकांना त्रास" हा विचार आपल्या पिढीत खोल रुजलेला आहे, तो त्या दिवशी बाजूला ठेवा. ११२ वर फोन करून तिच्या कागदावरील त्या दिवसाचे पोलीस ठाणे आणि गावाचे नाव सांगा. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तेथेही कळवा. त्यानंतर तिच्या गटातील मित्राला सांगा. राज्यातील गिर्यारोहकांची शोध आणि बचाव पथके आहेत, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्था वर्षानुवर्षे हे काम निःस्वार्थपणे करत आहेत, आणि त्यांच्याशी नेमके काय बोलावे हे त्या मित्राला ठाऊक असेल. ती सुखरूप असून केवळ फोन बंद पडला होता असे नंतर कळले, तरी या पथकांतील कोणीही आपल्याला बोल लावणार नाही. त्यांना वेळेवर आलेला खोटा फोन उशिरा आलेल्या खऱ्या फोनपेक्षा नेहमीच हवा असतो.

आणि ती निघण्यापूर्वी एक काम आजच करा. तिच्या कागदाची प्रत हातात घेऊन, तिला शेजारी बसवून, प्रत्येक गावाचे नाव मोठ्याने वाचा आणि नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. जे नाव आपल्याला उच्चारता किंवा शोधता येणार नाही, तेच नेमके फोनवर सांगण्याची वेळ येऊ शकते. कागद देवघराजवळ किंवा फ्रिजवर लावा, पर्समध्ये ठेवू नका. त्या दिवशी घरी आपण नसून शेजारच्या काकू असतील, तर त्यांनाही तो सापडला पाहिजे.